गाडीचं पाणी

गाडी बंद केल्यावर तिने गप्प बसावं, एवढी माझी साधी अपेक्षा होती. मी अकोल्याच्या कोर्टात वकिली करतो. दिवसभर माणसं बोलतात आणि मी ऐकून घेतो, तेवढं मला पुरेसं आहे. त्यामुळे त्या मार्चमध्ये चावी काढून घेतल्यावरही बॉनेटखालून टक् टक् आवाज यायला लागला तेव्हा मला काळजी वाटली नाही, राग आला.

गाडी छोटी, जुनी, दुसऱ्याने वापरून कंटाळलेली. तोवर तिच्याकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. पण आता पाहावं लागत होतं, कारण माझ्या सासूचा अख्खा आठवडा त्या गाडीवर उभा होता. मामींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांना अकोल्याला मशीनवर आणावं लागायचं, डायलिसिसला. त्यांचं गाव दर्यापूरच्या अलीकडे, फाट्यापासून आत. एसटी फाट्यापर्यंतच येते, पुढे जीप, आणि जीपमध्ये बाई बसते कमी, कोंबली जाते जास्त. एक खेप चुकली की दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजायचे, दोन चुकल्या तर श्वास लागायचा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, खेप चुकवायची नाही.

माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. ती अकोल्यात शाळेत शिकवते. तिने आईला हात जोडून सांगितलं की आमच्याकडेच राहा. मामी म्हणाल्या, "लेकीच्या घरी राहाले मले जमत नाही." विषय संपला. मग ठरलं असं की सोमवारी आणि गुरुवारी कोर्ट सुटल्यावर मी गावी जायचं, तिथे मुक्काम करायचा, सकाळी मामा-मामींना घेऊन निघायचं आणि मशीन झाल्यावर संध्याकाळी परत सोडून यायचं.

हे मी प्रेमाने करत होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी करत होतो, आणि करतोय हे सगळ्यांना दिसेल याची काळजी घेत होतो. बायकोला दिसेल, शेजाऱ्यांना दिसेल, वकिलांच्या बाररूममध्ये तर दिसेलच. "काय करता, सासूला न्यायचंय," असं म्हणून मी तारखा मागून घेत असे, आणि न्यायाधीश मान हलवत तेव्हा मला बरं वाटत असे.

तर तो आवाज. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एक मेकॅनिक आहे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. त्याची एक पद्धत होती. गाडी आली की तो आधी ती फिरवून आणायचा, मग बंद करायचा, बॉनेट उघडायचा आणि एक स्टूल घेऊन तिच्यासमोर बसायचा. हाताला हत्यार नाही, काही नाही. चहा यायचा, संपायचा. मी मध्ये काही बोललो की हात वर करायचा.

"वकीलसाब, तुमी नोका बोलू. तिले बोलू द्या."

त्या पहिल्या खेपेला तो हसला. सायलेन्सर तापतो, फुगतो, गाडी बंद झाली की थंड होता होता आकसतो, तोच टक् टक् वाजतो. आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं पंखा फिरत राहतो तोही बरोबर आहे, उन्हाळा आहे. "काहीच झालं नाही हिले. घेऊन जा." मला ते आवडलं नाही. एवढा वेळ बसवून घेऊन हा म्हणतो काहीच झालं नाही! दुखणं नाही म्हटल्यावर माणसाला खरं तर आनंद व्हायला हवा. मला फसवल्यासारखं वाटलं.

एप्रिलमध्ये नवा आवाज आला. सोमवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या आवारात गाडी लावली, बंद केली, आणि आतून गुडगुड ऐकू आली. चुलीवर हंडा उकळतो तशी. ती तीन-चार मिनिटं चालली. मामा दारातच उभे होते. त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "तहान लागली वाट्टे तिले." मी हसलो. त्यांचं बोलणं असंच असायचं. विनोद समजून मी आत गेलो, पाय धुतले, जेवलो.

मेकॅनिकने पुन्हा स्टूल टाकलं. ही गुडगुड त्याला आवडली नाही. त्याने मला समजावलं, आणि तो समजावतो तेव्हा चांगलं समजावतो. इंजिन चालू असतं तोवर आतलं पाणी फिरत राहतं आणि उष्णता वाहून नेतं. गाडी बंद केली की पाणी जागच्या जागी थांबतं, पण लोखंड तर तापलेलंच असतं. मग ते थांबलेलं पाणी उकळतं. म्हणून तिथे साधं पाणी घालत नाहीत, कूलंट घालतात, ते सहजासहजी उकळत नाही आणि गंजूही देत नाही. झाकण ढिलं असलं तरी असं होतं. त्याने झाकण बदललं, सगळं काढून नवं हिरवं कूलंट भरलं. तीन दिवस गाडी मुक्यासारखी राहिली. शुक्रवारी मामींना आणलं-सोडलं, आणि शनिवारी कोर्टासमोर गाडी लावली तर पुन्हा गुडगुड.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तसाच गॅरेजवर गेलो. त्याने झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोटाला हिरवं काही लागलं नाही, गढूळ पाणी लागलं. झाकणाच्या कडेला पांढरी खरपुडी धरली होती. त्याने जे पुढे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्याने ते बोट जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारं आहे, वकीलसाब. हे पानी अकोल्याचं नाही. खारपान पट्ट्यात जाता काय तुमी?"

पूर्णेच्या दोन्ही काठांचा हा पट्टा, जमीन काळीभोर, कापूस-सोयाबीन चांगलं, आणि जमिनीखाली पाणी खारट. माझं सासर बरोबर त्याच्या मध्यावर. म्हणजे त्याने नुसत्या जिभेने गाव ओळखलं होतं. मी शहाणा असतो तर तिथेच थांबून विचार केला असता. पण मी म्हणालो, "जातो. मग? तिथे माझ्या गाडीला कोण हात लावणार? कूलंट तूच भरलं नाहीस. साधं पाणी ओतलंस आणि आता गोष्टी सांगतोस." तिथे चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला पंधरा मिनिटं असे प्रश्न विचारले जसे मी खोट्या साक्षीदाराला विचारतो. कधी भरलं, कोणी पाहिलं, डबा कुठे आहे, दाखव. त्याने डबा दाखवला. मी म्हणालो, डबा कशावरून याच गाडीचा?

त्याने पुन्हा सगळं साफ केलं, पुन्हा हिरवं कूलंट भरलं, झाकण घट्ट बसवलं आणि पांढऱ्या रंगाने झाकणापासून खालच्या नळीच्या तोंडापर्यंत एक बारीक रेघ ओढली. "आता कोनी खोललं तं रेघ तुटन," म्हणाला. "अन डिस्टिल वॉटरचे दोन कॅन डिकीत ठेवा. कमी पडलं तं तेच टाकजा. दुसरं काहीच नाही." कोर्टातल्या लाखेच्या सीलसारखी ती रेघ मला आवडली. माझ्याकडे आता पुरावा असणार होता. कोणाविरुद्ध, हे तेवढं ठरायचं होतं.

मेमधला तो शुक्रवार. रेघेवर विसंबून मी मधल्या दिवसांत बॉनेट उघडलंच नव्हतं. गावाहून सकाळी सातला निघालो. मामी मागे आडव्या, उशाला त्यांची कापडी पिशवी. मामा पुढे माझ्या शेजारी. मशीनचा नंबर साडेआठचा. गाव सोडून अर्धा तास झाला नसेल, तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ निघायला लागली. चावी बंद केली. आत जे काही उकळत होतं त्याला आता गुडगुड म्हणता येणार नव्हतं. सगळी गाडी थरथरत होती.

बॉनेट उघडलं. पांढरी रेघ तुटलेली होती. झाकणावर एक तुकडा, खाली एक तुकडा, दोन्ही एकमेकांपासून बोटभर फिरलेले.

मामा माझ्या मागे येऊन उभे राहिले. ते खरंच गोंधळले होते. "असं कसं झालं?" ते म्हणाले. "सकायीच तं पाजलं होतं."

"काय पाजलं होतं?"

"पानी. गाडीले."

"कुठलं?"

"हापशीचं. ताजं. पाहाटी जाऊन आनलं."

"आणि आत होतं ते?"

"ते सोडून देल्लं खालून. हिरवंगार झालं होतं जी. शेवाय धरलं होतं त्याले. असं पानी कसं ठेवाव पाहुन्याच्या गाडीत?"

"कधीपासून करताय हे?"

"तुमी येता तवा. दर खेपेले."

मी पुढचं विचारायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. मामांच्या तरुणपणी पाहुणा बैलगाडीने येत असे, आणि घरच्या माणसाने आधी पाहुण्याच्या बैलांना सोडून पाणी दाखवायचं, मग पाहुण्याला तांब्या द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती. पुढे ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला ते रोज सकाळी पाणी भरत. जावयाची गाडी दारात येते, उन्हातून येते, आतून गुडगुडते, म्हणजे तिला पाणी द्यायचं. आणि तिच्या पोटात आधी कोणीतरी शेवाळलेलं, शिळं पाणी ठेवलंय, तर ते फेकून ताजं द्यायचं. आम्ही झोपेतून उठायच्या आत, गाडी पूर्ण थंड असताना, हा सत्तरीचा माणूस वाकून खालचा नळ सोडत होता आणि दोन बादल्या हापशी मारून आणत होता. कोणाला सांगत नव्हता, कारण पाहुण्याच्या बैलांना पाणी पाजलं हे काय पाहुण्याला सांगायचं असतं?

हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पण राग थांबला नाही. उलट मला आता आरोपी सापडला होता.

मी ओरडायला लागलो. काय काय बोललो ते सगळं आठवतं, ही माझी शिक्षा आहे. म्हणालो, ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावता. म्हणालो, माझी गाडी म्हणजे तुमचा ट्रॅक्टर आहे का. म्हणालो, अडाणीपणाला काही हद्द असते. एवढ्यात अकोल्याकडे जाणारी एक जीप वाफ पाहून थांबली. आतली माणसं वाकून बघायला लागली. त्यांना बघून मला आणखी जोर चढला. कोर्टात समोर माणसं असली की चढतो तसाच.

"या खाऱ्या पाण्याने इंजिन सडवलंत तुम्ही! लोखंड खातं ते पाणी, लोखंड! असं पाणी कोणी घालतं का कशात?"

मी डिकी उघडली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काढला आणि मामांच्या तोंडासमोर धरला. "हे. हे लागतं तिला. शुद्ध पाणी."

मामांनी कॅनकडे पाहिलं. हात मागे घेतले. "मले कोनी सांगतलं नाही जी," एवढंच म्हणाले.

मागची काच खाली होती. मामी कशाबशा उठून बसल्या होत्या.

"जवाईबापू," त्यांनी विचारलं, "गाडीचं हे पानी गोड असते काय?"

आमच्याकडे गोड पाणी म्हणजे जे खारं नाही ते. मी इतक्या साक्षीदारांना उलटं-सुलटं विचारलंय की टोमणा मला शंभर फुटांवरून ओळखू येतो. हा टोमणा नव्हता. त्या बाईला खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या गावात नळाचं पाणी येतं तेव्हा येतं, एरवी हापशीच. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तेच प्यायलं होतं, त्यातच डाळ शिजवली होती, माझ्या बायकोला तेच पाजून वाढवलं होतं. अकोल्याच्या त्या मशीनच्या खोलीत शेजारच्या पलंगांवर कुठल्या कुठल्या गावची माणसं असतात ते मी दर आठवड्याला ऐकत होतो. बरीचशी याच पट्ट्यातली. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "त्या भागातून फार येतात हो." मी मान हलवली होती आणि पार्किंग कुठे आहे ते विचारलं होतं. सात वर्षं मी त्या घरी जेवत होतो. पहिल्याच जेवणाला पाणी खारट लागलं, तेव्हापासून मी स्वतःची बाटली अकोल्याहून घेऊन जात होतो.

"पिण्याचं नाही ते, मामी," मी म्हणालो. "गाडीचंच आहे."

"हो काय," त्या म्हणाल्या, आणि उतरायला पाय बाहेर काढला, कारण जीपवाला हॉर्न वाजवत होता.

मामांनी त्यांना धरून जीपमध्ये चढवलं आणि मागोमाग स्वतः चढले. कोणीतरी सरकून जागा दिली. मी गाडीपाशी थांबलो. त्या पोचल्या तेव्हा त्यांचा नंबर दुसऱ्याला दिला गेला होता. दुपारभर बाकावर बसून राहिल्यावर संध्याकाळी त्यांना कमी वेळाचं मशीन मिळालं. बायकोने मला घरी काही विचारलं नाही. तिला जीपमधल्या कोणाकडून तरी सगळं आधीच कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या बापाला रस्त्यावर बोललास?"

मेकॅनिकने रेडिएटर बदलला. जुन्याच्या नळ्या कापून दाखवल्या. आत पांढरा थर इतका की सुई जाईना. मी त्याची माफी मागणार होतो. तो म्हणाला, "राहू द्या, वकीलसाब," आणि दुसऱ्या गाडीखाली गेला. ते "राहू द्या" क्षमेचं नव्हतं, हे मला समजतं. त्या दिवसापासून माझी गाडी बंद झाली की एक शब्द बोलत नाही.

मामा माझ्या गाडीत बसायचे थांबले नाहीत. थांबून कसं चालेल, मामींची खेप होती. पण ते आता गाडीला हात लावत नसत. दाराजवळ येऊन उभे राहायचे आणि मी आतून दार उघडेपर्यंत तसेच उभे असायचे. दोन्ही हात पाठीमागे. हे त्यांनी मला दाखवायला केलं असतं तर मी भांडलो तरी असतो. ते खरंच घाबरले होते, काही बिघडेल म्हणून.

मी एक केलं. पुढच्या सोमवारपासून दर आठवड्याला वीस लिटरचा पाण्याचा जार अकोल्याहून न्यायला लागलो. स्वयंपाकघराच्या दारात ठेवायचो. मामा दर वेळी म्हणायचे, "काहून एवढा तरास घेता?" आणि उचलून आत न्यायचे. मला वाटलं, फिटलं. निदान थोडं तरी फिटलं. रिकामे जार कधी परत मिळाले नाहीत, पण मी विचारलं नाही. धान्याला वापरत असतील, असं मनाशी म्हटलं.

मामी पोळ्याच्या आधल्या आठवड्यात गेल्या. त्या पावसाळ्यात एकही खेप चुकली नव्हती. मी चुकू दिली नाही.

तेरवीला आवारात मांडव होता, दोनेकशे माणूस. पंगत बसली. मामा स्वतः तांब्या घेऊन पाणी वाढत होते. कोणाच्याही घरी तेरवीला ज्याचं माणूस गेलं तो स्वतः पाणी वाढत नाही, पण त्यांना कोण अडवणार? माझ्यापाशी आले. मी सवयीने बाटलीकडे हात नेला.

"घ्या, जवाईबापू," ते म्हणाले. "हे तुमचंच आहे. जारचं. गोड आहे."

मी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या भिंतीशी माझे जार ओळीने ठेवलेले होते. तीन-चार उघडले होते, बाकीच्यांची सीलं तशीच होती. मे महिन्यापासूनचे सगळे.

"मामी प्यायल्या नाहीत?" मी विचारलं.

"तिले डाक्टरनं मोजून देल्लं होतं न पानी. दिवसाचे तीन पेले. तेवढं ते आपलं हापशीचंच पेत होती." मामांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "म्हने, जवाईबापूनं एवढ्या दुरून आनलं. चांगलं पानी हाय, पाहुन्यायले राहू द्या."

पुढच्या पानावरच्या माणसाने पेला पुढे केला होता. मामांनी माझा पेला काठोकाठ भरला आणि पुढे सरकले.